१/४८ मस्टँगला खरा पत्रा चढवायचाय, फॉइल लावू की पेंटच बरा?

नवशिका_मॉडेलर

नमस्कार मंडळी. गेले सहा महिने १/४८ ची (म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या मापाची) प्लास्टिक किटची पी-५१डी मस्टँग, दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान, हातात आहे. जोडणी झाली, फटी भरून झाल्या, कॉकपिट बंद करून झालं, आता वरचं काम आलं आणि इथे गाडी अडलीये. मला ही उघड्या पत्र्याची करायचीये, १९४४ मध्ये अमेरिकनांनी हिरवा रंग द्यायचं बंद केल्यावर कारखान्यातून जशी चकाकत बाहेर यायची तशी.

याआधी एक सेबर (जेट लढाऊ विमान) केलं होतं. त्याला डबीतला सिल्व्हर मारला, दोन हात नीट दिले, ओघळ नाही, ब्रशच्या रेघा नाहीत, तरी बघितलं की पत्रा वाटतच नाही, चंदेरी रंगाचं प्लास्टिक वाटतं. मग खऱ्या विमानांचे जुने फोटो मोठे करून बघत बसलो. एक पत्रा पांढुरका, त्याला लागून असलेला करडा, त्याच्या खालच्यात धावपट्टीवर उभी असलेली माणसं पुसट दिसतायत, आणि विमान जरा वळलेल्या दुसऱ्या फोटोत तोच पांढुरका पत्रा चक्क काळा. हे एका रंगाने होणार नाही हे तेव्हा डोक्यात शिरलं.

म्हणून साधा घरातला अ‍ॅल्युमिनियम फॉइल घेतला आणि त्या जुन्या सेबरच्या पंखावर ट्राय मारला. फॉइलला मागून स्प्रेचा गोंद मारला आणि दाबला. लांबून भारी दिसला, पण जवळून बघितलं तर घामोळं उठल्यासारख्या बारीक पुटकुळ्या, आणि पंखाच्या टोकाला जिथे दोन्हीकडून गोलाई येते तिथे चुण्या. चुणी दाबायला गेलो तर नखाने फाटला.

तर आता विचारायचं असं की गोंद कुठला, मॉडेलवर कोरलेल्या पॅनल लाइन (पत्र्यांच्या सांध्याच्या खाचा) तशाच ठेवायच्या का भरून टाकायच्या, रिव्हेट आधी का नंतर, गोल भागाला काय करायचं, आणि वर डिकल (पाण्यात भिजवून चिकटवायच्या खुणा आणि आकडे) नीट बसतात का. का हे सगळं सोडून एअरब्रशने मेटॅलिक पेंटच मारू? कुणी पूर्ण विमान असं मढवलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, घाई अजिबात नाहीये.

फॉइलवेडा

दिशा बरोबर आहे तुमची, फक्त गोंद चुकला. स्प्रेचा गोंद थेंबाथेंबाने पडतो आणि फॉइल इतका पातळ असतो की खालचा प्रत्येक थेंब वर उठून दिसतो, घामोळं तेच आहे.

आधी एक हिशोब सांगतो, मला तो फार आवडतो. त्या काळच्या लढाऊ विमानाचा पत्रा जागेप्रमाणे जाड-पातळ असायचा पण ०.८ मिमी हा अगदी नेहमीचा आकडा. त्याला ४८ ने भागा, ०.०१७ मिमी येतं. आणि घरातला साधा फॉइल असतो साधारण ०.०१६ मिमी. म्हणजे १/४८ ला तुम्ही फॉइल लावता तेव्हा स्केलमध्ये बरोब्बर तेवढ्याच जाडीचा पत्रा लावत असता, आणि तोही अ‍ॅल्युमिनियमचाच. म्हणून तो पत्र्यासारखा दिसतो, नक्कल करायची गरजच पडत नाही.

गोंदासाठी मायक्रोस्केलचा फॉइल अ‍ॅडेसिव्ह मिळतो, दुधासारखा पांढरा असतो. फॉइलचा तुकडा काचेवर पालथा घाला, बोटाने किंवा मऊ कापडाने सपाट करा, मग चपट्या मऊ ब्रशने गोंदाचा एकच पातळ हात द्या. पुन्हा पुन्हा ब्रश फिरवू नका, रेघा राहतात आणि त्या नंतर वरून दिसतात. मग थांबा. पांढरा गोंद पूर्ण पारदर्शक झाला की तो वाळलाय पण चिकट आहे, तेव्हाच लावायचा. कुठे जरा जरी दुधाळ राहिला तर तिथलं पाणी फॉइलखाली अडकतं आणि दोन दिवसांनी फुगवटा येतो. मी पहिल्या विमानाला घाई केली आणि शेपटीजवळचे चार पॅनल सोलून परत लावावे लागले.

तयार चिकट फॉइलही येतो, बेअर मेटल फॉइल. तो जास्त पातळ आणि नरम, गोलाईवर सहज बसतो, पण तितकाच नाजूक, नंतर त्याला जोरात पॉलिश करता येत नाही. मी मोठ्या पॅनलला घरातला वापरतो आणि अवघड कोपऱ्यांना हा.

खालचं प्लास्टिक हा खरा कळीचा मुद्दा. पेंट थोडंफार झाकतो, फॉइल काहीही झाकत नाही, उलट दाखवतो. सॅंडपेपरचा एक ओरखडा, धुळीचा एक कण, फिलरची एक कड, सगळं वर येतं. २००० नंबरच्या पेपरपर्यंत पाण्याने घासा, मग पॉलिश करा, मग साबणाने धुवून वाळवा आणि त्यानंतर उघड्या बोटांनी हात लावू नका.

पॅनल लाइन ठेवा, भरू नका, त्या तुमच्या कामाला येतात. पॅनलपेक्षा चारही बाजूंनी ३-४ मिमी मोठा तुकडा कापायचा, मधोमध टेकवायचा आणि मधून बाहेरच्या बाजूला बोटाने, मग इअर बडने चोळत जायचं. सगळा बसला की टूथपिकची बोथट बाजू पॅनल लाइनवरून फिरवा, खाच फॉइलमधून उमटते. त्या खाचेतून नवं कोरं ब्लेड हलक्या हाताने ओढा, जोर द्यायचा नाही, ब्लेडच्या वजनाने कापला गेला पाहिजे. बाहेरची पट्टी उचलून टाका. ब्लेड जरा बोथट झालं की फॉइल कापायच्या ऐवजी ओढतं आणि कड दातेरी होते, म्हणून दहा-बारा पॅनलनंतर ब्लेड बदलाच, त्यात काटकसर करू नका.

जिथे खाच नाही आणि दोन तुकडे एकमेकांवर चढवायला लागतात तिथे मागून पुढे आणि खालून वर येत जा, कौलं शाकारतात तसं. खऱ्या विमानातही पुढच्या पत्र्याची कड मागच्यावर असते, म्हणजे वाऱ्याला आत शिरायला तोंड मिळत नाही. उलट लावलात तर चुकलंय काय ते बघणाऱ्याला सांगता येणार नाही पण काहीतरी खटकत राहील.

आणि आता मुख्य गोष्ट, जी माझ्या मते फॉइल लावण्यापेक्षाही मोठी आहे. सगळे पॅनल एकाच दिशेने लावू नका. फॉइल रूळातून ओढून काढलेला असतो, त्याला लांबीच्या दिशेने अगदी बारीक रेघा असतात, ग्रेन म्हणा. खऱ्या पत्र्यालाही असतात आणि कारखान्यात तुकडा कसा कापला त्यावर त्यांची दिशा ठरते. तुम्ही फोटोत पाहिलेला पांढुरका पत्रा दुसऱ्या फोटोत काळा दिसतो तो यामुळेच. प्रकाश त्या रेघांना आडवा आला की उजळतो, उभा आला की विझतो. तेव्हा एक तुकडा उभा कापा, शेजारचा आडवा, एखादा तिरका. एकाला चकचकीत बाजू वर, एकाला मंद बाजू वर. बसवून झाल्यावर ०००० नंबरच्या स्टील वूलने काही पॅनल एकाच दिशेने हलके घासा, काहींना मेटल पॉलिश लावा, काहींना हातच लावू नका. रंग सगळ्यांचा एकच, तरी पन्नास वेगवेगळे पत्रे दिसतील.

गोलाईचं नंतर लिहितो, हात दुखला.

रिव्हेटमोजणी

फॉइलवेडांनी लिहिलंय ते सगळं मान्य, पण मस्टँग म्हटल्यावर मला मध्ये पडावंच लागतंय. पंखाला फॉइल लावू नका.

खऱ्या मस्टँगचा पंख उघड्या पत्र्याचा नव्हताच. त्या विमानाचं मोठेपण त्याच्या लॅमिनार फ्लो पंखात होतं, हवा पंखाला चिकटून शांतपणे सरकत राहिली पाहिजे, मध्ये रिव्हेटचा एक उंचवटा आला तरी ती विस्कटते. म्हणून कारखान्यातच पंखाच्या पुढच्या साधारण ४० टक्के भागातले सांधे आणि रिव्हेट पुट्टीने भरायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि वर अ‍ॅल्युमिनियमच्या रंगाचा लॅकर मारायचे. म्हणजे धड उघड्या पत्र्याचं आणि पंख चंदेरी रंगवलेला. फोटोत नीट बघा, धड आरशासारखं आणि पंख एकसारखा मंद, दुधी. कितीतरी मॉडेलवर पंखाच्या पुढच्या भागात सुंदर रिव्हेट मारलेले दिसतात, मेहनत बघून कौतुक वाटतं पण नेमके तिथेच ते नको असतात. तुमच्या किटच्या पंखावर तिथे पॅनल लाइन कोरलेल्या असतील तर त्या भरा, फक्त गन आणि दारूगोळ्याची झाकणं, पेट्रोलची टोपी, फ्लॅप-एलेरॉनचे सांधे एवढंच ठेवा.

रडरपण (शेपटीचं उभं सुकाणू) कापडाचं, त्यालाही चंदेरी रंगच. पंखाखाली १०८ गॅलनच्या टाक्या लावणार असाल तर त्या इंग्लंडात बनलेल्या चक्क कागदाच्या होत्या, गोंद घालून दाबलेल्या कागदाच्या, वर चंदेरी रंग. त्यांना फॉइल लावलात तर कागदाचा पत्रा होईल. ७५ गॅलनच्या मात्र धातूच्या. नाकावर काचेपर्यंत मॅट ऑलिव्हचा पट्टा असतो, पायलटच्या डोळ्यात ऊन चमकू नये म्हणून, तिथेही फॉइल वाया घालवू नका. म्हणजे बघा, तुम्हाला वाटत होतं त्याच्या निम्मंच काम उरलं, आणि उरलेलं धडावरचं.

रिव्हेट फॉइल लावल्यानंतरच मारायचे. आधी मारलेत तर फॉइल चोळताना ते भरून तरी जातात नाहीतर अर्धवट दिसतात. आता मापाचं बघा. खऱ्या फ्लश रिव्हेटचं डोकं साधारण साडेचार मिमी असतं, १/४८ ला ते ०.१ मिमीच्या आत येतं. दोन रिव्हेटमधलं अंतर साधारण २५ मिमी धरलं तर स्केलमध्ये अर्धा मिमी. म्हणजे सुईने भोक पाडायचं नाहीये, नुसता स्पर्श करायचाय. बारीक दात्याचं रिव्हेट व्हील घ्या, जाड टेप पट्टीसारखी चिकटवून तिच्या कडेने एकदाच फिरवा, आणि मॉडेलवर तिरपा उजेड पडला तरच ओळ दिसली पाहिजे. समोरून बघताना ठिपके दिसत असतील तर जोर जास्त झाला.

आणि हात जोडून विनंती, झाल्यावर सगळ्या पॅनल लाइनमध्ये काळा वॉश (खाचेत उतरणारा पातळ रंग) ओतू नका. उघड्या पत्र्याच्या विमानात सांधा काळ्या रेघेने दिसत नाही, दोन पत्र्यांची चमक बदलते म्हणून दिसतो. काळ्या रेघा आल्या की तुमची सगळी ग्रेनची मेहनत पाण्यात जाते आणि विमान वहीतल्या चौकटींसारखं दिसायला लागतं. इंजिनची झाकणं रोज उघडायची तिथे थोडा करडा-तपकिरी वॉश चालेल.

स्प्रेगन

मी पेंटवाला, त्यामुळे माझी बाजू मांडतो. एअरब्रशने चांगला मेटॅलिक लॅकर मारला तर धातू दिसतोच, अल्क्लाडची बाटली त्यासाठी प्रसिद्ध आहे. नाव कुठून आलंय माहितीये का, खऱ्या विमानाच्या पत्र्यालाच अल्क्लाड म्हणतात. आत मजबूत मिश्रधातू, जो हवेत आणि खाऱ्या दमटपणात लवकर गंजतो, आणि त्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर, जो त्याला सांभाळतो. म्हणून तर ती विमानं रंग न देता उडवता आली.

लॅकरचं गुपित म्हणजे खालचा काळा रंग. चकचकीत काळा बेस मारायचा, तो एक पूर्ण दिवस तरी वाळू द्यायचा, आणि त्यावर १२ ते १५ पीएसआय हवेच्या दाबाला अगदी पातळ थर, लांबून फुसफुस नाही तर जवळून, सावकाश, दोन-तीन वेळा. ओला दिसेपर्यंत मारलात तर चमक मरते. काळ्यात जर धूळ बसली असेल तर ती काढूनच पुढे जा, नंतर काही इलाज नाही.

तुमच्या विमानात दोघांचीही गरज आहे असं मला वाटतं. रिव्हेटमोजणी म्हणतायत तो पंख लॅकरने करा, त्यात मंद अ‍ॅल्युमिनियमची बाटली घ्या, पॉलिश्ड नको. धड फॉइलने. दोन्ही शेजारी आले की खऱ्या विमानात पंख आणि धड वेगळं का दिसतं ते आपोआप कळेल, एका पद्धतीने सगळं केलं तर हा फरक आणायला फार झटावं लागतं.

फॉइलपेक्षा लॅकर सरस कुठे, तर जिथे उष्णतेने पत्रा रंग बदलतो तिथे. एफ-१०० सुपर सेबरचं शेपूट आठवा, इंजिनच्या भागात पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे पट्टे. हा क्रम कधी उलटा करू नका. धातू जेवढा जास्त तापला तेवढा तो निळ्याकडे जातो, म्हणून सगळ्यात तापलेल्या जागी निळा आणि बाहेर जाताना जांभळा, तपकिरी, शेवटी गवती पिवळा. फॉइलवर हे पारदर्शक रंगाचे पातळ थर मारूनही जमतं, पण तिथे सराव हवा. मस्टँगला याची फार गरज नाही, एक्झॉस्टभोवतीचा पत्रा फक्त जरा गडद स्टीलसारखा ठेवा.

नवशिका_मॉडेलर

बापरे, एवढं सगळं. रिव्हेटमोजणी, पंखाचं मला अजिबात माहीत नव्हतं, मी खरंच पंखापासून सुरुवात करणार होतो कारण तो सपाट म्हणून सोपा वाटला. आता फोटो परत बघितले आणि खरंच पंख दुधी आहे, इतके दिवस बघतोय आणि दिसलं नव्हतं.

फॉइलवेडा, गोलाईचं राहिलंय, पंख आणि धड जुळतो तिथला खोलगट भाग आणि पोटाखालच्या रेडिएटरच्या तोंडाची कड या दोन जागांची भीती वाटतेय. आणि एक्झॉस्टजवळचा गडद पत्रा फॉइलचाच ठेवायचा असेल तर तो काळपट कसा करायचा?

बाल्सा_आणि_डिंक

मी उडणारी रेडिओ कंट्रोल मॉडेलं करतो त्यामुळे माझं थोडं वेगळं आहे, पण कुणी मोठ्या मॉडेलसाठी हा धागा वाचत असेल तर त्याला उपयोग होईल म्हणून लिहितो.

मोठ्या स्केलला घरातला फॉइल फार पातळ पडतो, तिथे लोक छपाईच्या ऑफसेट मशीनवरची वापरून झालेली अ‍ॅल्युमिनियमची प्लेट घेतात, लिथो प्लेट. साधारण ०.१५ मिमीपासून मिळते. ती कडक असते, वाकवली की स्प्रिंगसारखी परत येते, त्यामुळे आधी नरम करावी लागते. साबणाची वडी कोरडीच प्लेटवर घासायची, मग दुसऱ्या बाजूने ज्योत फिरवायची. साबण तपकिरी होऊन काळा पडला की तेवढी उष्णता पुरे, लगेच ज्योत पुढे न्यायची. अ‍ॅल्युमिनियम तापून लाल होत नाही, काही इशारा न देता ६६० अंशाला एकदम वितळून खाली पडतं, म्हणून साबण हाच तुमचा थर्मामीटर. थंड झाल्यावर प्लेट इतकी नरम होते की बोटाने गोलाई घेते, आणि मागून बोथट पेनने दाबून उठावाचे रिव्हेट टेबलावरच काढता येतात.

चिकटवायला कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह, दोन्ही बाजूंना लावून हाताला चिकटेनासा होईपर्यंत वाळवायचा. टेकला की टेकला, मग अर्धा मिमीसुद्धा हलत नाही. मी मध्ये गुळगुळीत कागद ठेवतो, पत्र्याची एक कड बरोबर जागेवर बसवतो आणि कागद हळूहळू ओढून काढतो. नवशिका, हा गोंद तुमच्या प्लास्टिकच्या मॉडेलला मात्र चुकूनही लावू नका, त्यातलं सॉल्व्हंट प्लास्टिक खातं, थर्मोकोलचं तर विचारूच नका.

उडणाऱ्या मॉडेलला वजन बघावंच लागतं. ०.१५ मिमीची प्लेट म्हणजे चौरस मीटरला साधारण ४०५ ग्रॅम. १/५ ची मस्टँग घेतली तर पंख सव्वादोन मीटरचा होतो आणि नुसता पंख वरून-खालून मढवायला पावणेदोन चौरस मीटरच्या आसपास पत्रा लागतो, म्हणजे गोंद सोडून सातशे ग्रॅम. त्याऐवजी ०.०५ मिमीची चिकट अ‍ॅल्युमिनियम टेप घेतली तर त्याच्या एक तृतीयांश. (आणि वर रिव्हेटमोजणी म्हणाले तसं मस्टँगच्या पंखाला पत्रा नकोच, तेवढं वजन असंच वाचलं.) शेपटीकडचं वजन जास्त महाग पडतं, तिकडे दहा ग्रॅम चढले की तोल राखायला नाकात त्याच्या कितीतरी पट घालावे लागतात.

सगळ्यात महत्त्वाचं, रिसीव्हरचा अँटेना. धातूने मढवलेल्या धडाच्या आत अँटेना ठेवला तर २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल आत पोचतच नाही, किंवा विमान एका कोनात असताना पोचतो आणि वळलं की जातो. जमिनीवर शेजारी उभं राहून रेंज टेस्ट केली तर सगळं छान वाटतं. माझं एक विमान तिसऱ्या उड्डाणात वळणावर गप्प झालं आणि सरळ खाली आलं, दोन वर्षांचं काम होतं. अँटेनाची टोकं बाहेर काढा किंवा कॅनोपीखाली, फायबरच्या भागात, जिथे धातू नाही अशा ठिकाणी आणा, दोन्ही टोकं एकमेकांना काटकोनात.

अजून एक, पत्रा अगदी सपाट बसवायचा अट्टाहास नको. खऱ्या विमानात आतल्या फासळ्यांच्या मध्ये पत्रा जरासा दबलेला किंवा फुगलेला असतो. बी-५२ बॉम्बर जमिनीवर उभं असलं की कॉकपिटमागे धडावर तिरप्या सुरकुत्या स्पष्ट दिसतात. मोठ्या मॉडेलवर हा हलका लहरीपणा आला की लोक हात लावून बघतात.

फॉइलवेडा

गोलाईचं. फॉइल एका दिशेने कितीही वाकतो, दोन दिशांनी एकदम वाकवला की त्याला जास्तीचं कुठेतरी टाकावं लागतं, ते म्हणजे चुणी. त्यामुळे त्याला तशी वेळच आणायची नाही. पंख आणि धडाच्या जोडावर मोठा तुकडा लावू नका, ६-८ मिमी रुंदीच्या पट्ट्या लावा, मागून पुढे, प्रत्येकीची कड आधीच्या पट्टीवर केसाएवढी चढवून. नरम बोटाने दाबत जा, नख नको, बोटाच्या उबेने फॉइल जरा सैल होतो असा माझा अनुभव. सगळ्या पट्ट्या बसल्या की वरून इअर बड आणि मेटल पॉलिश, सांधे जवळजवळ नाहीसे होतात.

तरी एखादी चुणी आलीच तर ती दाबून सपाट करायला जाऊ नका, तुमचं नखाने फाटलं ते तिथेच. बारीक असेल, नुसती लाट असेल, तर चारही बाजूंनी मध्ये चोळत आणा, विरते. दुमडलेली असेल तर दुमडीच्या माथ्यावरून ब्लेड फिरवा, दोन्ही कडा एकमेकांवर आडव्या टाका आणि चोळा. पुटकुळीला सुईने एक टोच आणि दाब.

रेडिएटरच्या कडेला वेगळी युक्ती. फॉइल आधी बाहेरच्या बाजूला पूर्ण बसवा, कडेच्या पुढे ४-५ मिमी मोकळा सोडा, त्या मोकळ्या भागाला प्रत्येक दोन मिमीवर चीर द्या आणि एकेक पाकळी आत वळवा. कड ही शेवटची चोळायची, टूथपिक आडवी धरून.

काळपट करायचं सोपं आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्यात नुसतं पाणी उकळलं तरी ते आतून काळं पडतं बघा, तेच फॉइलचं करायचं. तुकडे साध्या नळाच्या पाण्यात उकळत ठेवा, अधूनमधून काढून बघा, करडेपणा येत जातो. पाणी जितकं क्षारांचं तितका गडद. एकाच उकळीत वेगवेगळ्या वेळी तुकडे काढले तर चार-पाच छटा मिळतात आणि त्या रंगाच्या नसून धातूच्याच असतात, म्हणून शेजारच्या पत्र्याशी त्यांचं जमतं.

डिकल फॉइलवर उत्तम बसतात, चकचकीत पृष्ठभागच लागतो त्यांना. फक्त कडेची पारदर्शक फिल्म जमेल तेवढी कापून टाका, धातूवर ती लगेच दिसते. आणि शेवटी सगळ्यावर क्लिअर कोट मारायची सवय असेल तर इथे मारू नका. क्लिअर मारला की धातूवर प्लास्टिकचा पडदा येतो आणि पुन्हा चंदेरी रंगच दिसायला लागतो. डिकलवर ब्रशने तेवढ्यापुरता लावा.

नवशिका_मॉडेलर

तीन आठवड्यांनी परत आलोय. पंख लॅकरने झाला, मंद अ‍ॅल्युमिनियम, पुढच्या भागातल्या पॅनल लाइन भरून. धडाची डावी बाजू फॉइलने पूर्ण, उजवी निम्मी.

पहिले सहा पॅनल सोलून टाकले. दोनांच्या खाली धूळ होती, बाकी चारांत ग्रेन एकाच दिशेने लागला होता हे बसवल्यावर कळलं, आता प्रत्येक तुकडा कापायच्या आधी मागच्या बाजूला पेन्सिलीने बाण काढतो. काचेवर फॉइल सपाट करताना इतका जोरात चोळत होतो की गोंद लावायच्या आधीच त्याला ओरखडे पडत होते, आता खाली एक मऊ कागद घेतो. गोंदाला मी घड्याळ लावत होतो, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं, त्यापेक्षा तिरपा उजेड धरून दुधाळपणा गेला का बघणं बरोबर, एकदा पंधराला झाला, एकदा पाऊण तास लागला.

उकळलेला पत्रा एक्झॉस्टखाली लावलाय आणि मला तो अख्ख्या विमानात सगळ्यात जास्त आवडलाय. रेडिएटरची कड तिसऱ्या प्रयत्नात जमली, पाकळ्या दीड मिमीवर केल्या.

काल रात्री टेबल लॅम्पखाली विमान हातात घेऊन हळूहळू वळवत होतो. कॉकपिटच्या मागचा एक पत्रा पांढरा होता, वळवता वळवता तो विझला आणि त्याच्या खालचा पेटला. त्या जुन्या फोटोत होतं तेच.

आता एक शेवटचं, शेपटीकडे धडाखालच्या बाजूला इन्व्हेजन पट्टे (१९४४ च्या नॉर्मंडी चढाईत आपली विमानं ओळखू यावीत म्हणून मारलेले काळे-पांढरे) द्यायचेत. फॉइलवर पेंट टिकतो का? आणि रुंदी किती धरू?

रिव्हेटमोजणी

जमलं म्हणायचं, अभिनंदन! पट्टे एक इंजिनच्या विमानाला प्रत्येकी १८ इंचाचे होते, १/४८ ला साडेनऊ मिमी. पाच पट्टे, तीन पांढरे दोन काळे, कडेला पांढरे. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका रात्रीत ब्रशने मारलेले असायचे त्यामुळे कडा थोड्या वाकड्या आल्या तर चालतील, किंबहुना तशाच बऱ्या दिसतील.

स्प्रेगन

फॉइलवर थेट पेंट मारू नका, नखाने निघतो. पट्ट्यांच्या जागेपुरता मास्क लावून आधी मेटल प्राइमरचा एक पातळ हात, मग पांढरा, मग पांढरा झाकून काळा. मास्किंग टेप आधी काचेवर चिकटवून दोनदा उचला म्हणजे तिचा चिकटपणा कमी होतो, नाहीतर टेप काढताना कडेचा फॉइल वर येईल. टेप काढताना मागे दुमडून, फॉइलला लागून सपाट ओढा, वरच्या दिशेने उचलू नका. आणि उजवी बाजू पूर्ण होईपर्यंत डावी बाजू सुती हातमोजे घालूनच धरा, बोटांचे ठसे फॉइलवर राहिले की काही महिन्यांनी तिथेच डाग उठतात.